आधी शिक्का, मग गुन्हा : विषमता आणि गुन्हेगारीचा उलटा इतिहास

मागच्या महिन्यात एका अभ्यासिकेत बोलायला गेलो होतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचवीस-तीस मुले-मुली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, विषय संविधानाचा. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "दादा, जिथे विषमता जास्त तिथे गुन्हे जास्त, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात सिद्ध झालेले आहे. मग पोलीस आपल्याच वस्तीत जास्त येतात, यात चूक काय?"

काही जण हसले. मला हसू आले नाही, कारण मुलगा टवाळी करत नव्हता. त्याने पुस्तक वाचले होते आणि पुस्तकातले वाक्य स्वतःच्या वस्तीला लावून पाहिले होते. ते वाक्य त्याच्याच घरावर जाऊन आदळत होते. त्या दिवशी मी पाच-दहा मिनिटांत काहीतरी थातूरमातूर सांगितले. घरी येताना ते मलाच पटेना. म्हणून हा लेख. त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी पुस्तकात काय आहे ते नीट पाहू.

गुन्ह्याची आकडेवारी मांडून बसणारा पहिल्या फळीतला माणूस म्हणजे बेल्जियमचा आदोल्फ केतले. मूळचा खगोलशास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात त्याने फ्रान्समधल्या न्यायालयांचे आकडे तपासले आणि त्याला एक अनपेक्षित गोष्ट दिसली. फ्रान्सचे काही अत्यंत गरीब प्रांत चोरीच्या आकड्यांत तळाला होते. सगळेच गरीब असतील तर गुन्हा फारसा वाढत नाही. एकाच ठिकाणी एकाकडे भरपूर आणि शेजाऱ्याकडे काहीच नाही, अशी दरी पडली की वाढतो. गरिबी वेगळी आणि विषमता वेगळी, हा फरक जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आकड्यांनिशी मांडला गेलेला आहे. तरी आपल्याकडचे संपादकीय लिहिणारे आजही 'गरिबीतून गुन्हेगारी' असेच लिहितात.

केतलेनंतर गाडी उलट्या दिशेला गेली. १८७६ साली इटलीतल्या सेझारे लोम्ब्रोसोने पुस्तक लिहिले की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो. त्याचा जबडा, त्याचे कान, त्याचे कपाळ पाहून तो ओळखता येतो. युरोपात या पुस्तकाचा मोठा बोलबाला झाला. ते खोडून काढायला दोन पिढ्या गेल्या. हॉलंडच्या विलेम बोंगरने १९०५ मध्ये गुन्ह्याचा संबंध भांडवली अर्थव्यवस्थेशी जोडला. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मकाय या दोघांनी बालन्यायालयाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. शहराच्या मध्यभागाजवळच्या पडक्या वस्त्यांत बालगुन्हेगारीचे प्रमाण सतत जास्त राहिले होते. पण त्या वस्त्यांत राहणारी माणसे मात्र बदलत गेली होती. आधी जर्मन आणि आयरिश, मग इटालियन आणि पोलिश. जर्मन तिथून बाहेर पडून चांगल्या भागात गेले की त्यांच्या मुलांची गुन्हेगारी कमी होत होती. रक्तात काही असते तर ते रक्ताबरोबर गेले असते. लोम्ब्रोसोला याहून चांगले उत्तर मी वाचलेले नाही.

आणि १९३८ साली रॉबर्ट मर्टनचा तो प्रसिद्ध निबंध आला, जो तुमच्या अभ्यासक्रमात असतो. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथवर जाण्याचे रस्ते मोजक्यांनाच खुले ठेवतो. या ताणातून काही जण आडवाट धरतात. मर्टन स्वतः फिलाडेल्फियातल्या गरीब ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, जन्माचे नाव मायर श्कोल्निक. बंद रस्ते त्याने पाहिले होते.

तर अभ्यासिकेतला तो मुलगा इथपर्यंत बरोबर होता. विषमता आणि गुन्हा यांचे नाते आहे. पण हे सगळे विद्वान एक गोष्ट गृहीत धरून चालतात : गुन्हा म्हणजे काय हे आधीच ठरलेले आहे आणि आता फक्त तो कोण आणि का करतो एवढे शोधायचे आहे. भारतात नेमके हेच गृहीत कोसळते. आपल्याकडे विषमतेने आधी गुन्हेगार ठरवला, त्याच्यावर शिक्का मारला, आणि मग त्याच्याकडून गुन्ह्याची वाट पाहिली.

१२ ऑक्टोबर १८७१. ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा मंजूर केला. तारीख लक्षात ठेवा : लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी. युरोप ज्या 'जन्मजात गुन्हेगारा'वर पुढे वाद घालणार होता, तो भारतात कायद्यात बसलाही होता. इंग्रजांना हे इतके सोपे का गेले? त्यांना जबडे मोजण्याची गरजच नव्हती. या विधेयकाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला त्याचा आशय असा होता : हिंदुस्थानचे वैशिष्ट्य म्हणजे जात. इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर. शेकडो वर्षांनीही होईल. त्याच न्यायाने गुन्हा हा ज्यांचा पिढीजात धंदा आहे अशाही जाती असणारच, आणि त्यांची मुले गुन्हेगारच होणार.

हे परत एकदा वाचा. ही लंडनहून आलेली गुन्हेशास्त्राची थिअरी नाही. ही वर्णव्यवस्था आहे, इंग्रजीत लिहिलेली. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी हे तत्त्व साहेबाने इथल्या शास्त्री-पंडितांकडून आणि जमीनदारांकडून जसेच्या तसे उचलले आणि त्याला पोलीस ठाणे जोडून दिले. 'सगळे इंग्रजांनी केले, आमचा समाज तर गुण्यागोविंदाने नांदत होता' असे सांगणाऱ्यांना हा युक्तिवाद वाचायला द्यावा. आणि 'इंग्रजांनी आम्हाला मुक्त केले' एवढेच म्हणून थांबणाऱ्या आपल्याही काही मित्रांनी तो वाचावा.

कायदा कसा चालायचा? प्रांतिक सरकारने एखादी जमात पद्धतशीर गुन्हे करते असे ठरवून अधिसूचना काढली की झाले. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नव्हते. जमातीतल्या माणसांची नोंदवही, ठरावीक वेळी हजेरी, हद्दीबाहेर जायचे तर पास. पास नसताना सापडला तर वॉरंटाशिवाय अटक, कैद, फटके. चोरी केली का, हा प्रश्नच नाही. हद्दीबाहेर सापडलास ना, बस्स. म्हणजे लग्नाला जाणे, आजारी आईला भेटायला जाणे, बाजाराला जाणे हे त्याच्यासाठी गुन्हे झाले. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली. सुरुवातीला उत्तरेपुरता असलेला हा कायदा १९११ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला, बोटांचे ठसे घेण्याच्या तरतुदीसह. मुंबई इलाखा तेव्हा त्याच्या कक्षेत आला. पारधी, कैकाडी, बेरड, भामटा, कंजारभाट आणि अशा कितीतरी जमाती. मांग समाजालाही अनेक ठिकाणी ही हजेरी होती. अण्णाभाऊंची 'फकिरा' ज्यांनी वाचली आहे त्यांना हजेरी म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. ती कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हा काही योगायोग नव्हे.

आता यातल्या काही जमातींचा आधीचा इतिहास बघा. लमाण-बंजारा हे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणारे लोक. मोगलांच्या फौजांना त्यांनी रसद पुरवली. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेचे पोटही बंजाऱ्यांच्या बैलांवरच होते. ज्यांच्याशिवाय इंग्रजांची तोफ पुढे सरकत नव्हती, ती माणसे सत्तर-ऐंशी वर्षांनी 'गुन्हेगार' कशी झाली? रेल्वे आली. बैलांचे तांडे निरुपयोगी झाले. दक्षिणेतल्या कोरवांचेही तेच : किनाऱ्यावरून मीठ आत न्यायचे आणि आतून धान्य बाहेर आणायचे हा त्यांचा व्यापार रेल्वेने आणि सरकारच्या मिठावरच्या मक्तेदारीने मोडला. जंगल कायद्यांनी शिकार, सरपण, चराई हे सगळे गुन्ह्यांत जमा केले. भटक्याचा रस्ता बंद झाला, आणि रस्त्यावर दिसला म्हणून त्याला पकडले. मर्टनने ज्या ताणाचे वर्णन केले तो इथे होता, नाही कसे म्हणणार? पोट भरायचे सगळे मार्ग बंद झाल्यावर काहींनी चोरी केलीही असेल. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ते लपवत नाही आणि आपणही लपवू नये. पण क्रम लक्षात घ्या. आधी धंदा गेला, मग शिक्का बसला, शिक्क्यामुळे दुसरा धंदा मिळेना, आणि मग जी चोरी झाली तिने शिक्का खरा ठरवला.

अमेरिकन समाजशास्त्राला हे चक्र बरेच उशिरा दिसले. एडविन लेमर्टने १९५१ मध्ये आणि हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये ज्याला 'लेबलिंग' म्हणतात तो सिद्धांत मांडला : एखाद्याला गुन्हेगार म्हणत राहिले की समाज त्याला तसेच वागवतो आणि शेवटी तो तसाच होतो, गुन्हा कृतीत असतो त्याहून जास्त तो शिक्का मारणाऱ्याच्या हातात असतो. परीक्षेत हा सिद्धांत लिहिताना उदाहरण म्हणून शिकागोतले जॅझ वादक देऊ नका. आपल्याकडे ऐंशी वर्षे चाललेला, सरकारी नोंदवहीतला लेबलिंगचा दाखला पडून आहे.

आणि या शिक्क्याचा फायदा कोणाला झाला, तेही पाहावे. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तिथल्या लोकांना कापड गिरण्यांत कामाला लावले. हजेरीला बांधलेला मजूर, जो संप करून गावी निघून जाऊ शकत नाही, गिरणीमालकाला आणखी काय हवे? सोलापुरात त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

या वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली तिचे अध्यक्षही तेच, म्हणून ती स्टार्ट समिती. आणि त्या समितीचे एक सदस्य होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. समितीच्या कामासाठी बाबासाहेब १९२९ मध्ये खानदेशात फिरले. चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवायला नकार दिला, वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला आणि अपघात झाला, तो प्रसंग याच दौऱ्यातला. चौकशीला आलेल्या बॅरिस्टरचाही गुन्हा होताच : तो टांग्यात बसू पाहत होता.

इथे आपल्याला गुन्ह्याची दुसरी वही उघडावी लागते. एक वही पोलीस ठाण्यात होती. दुसरी गावात होती आणि ती जास्त जुनी होती.

'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियातली एक बातमी दिली आहे. इंदूर भागातल्या कनारिया, बिचोली हाप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या सवर्ण पाटील-पटवाऱ्यांनी बलाई या अस्पृश्य समाजाला हुकूम काढले. जरीकाठी पागोटे घालायचे नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या घरातली मयताची बातमी नातेवाइकांना पोचवायची, कितीही लांब असोत. त्यांच्या लग्नात वाजवायचे. बाळंतपणाला जायचे. मोबदला मागायचा नाही, देतील ते घ्यायचे. मान्य नसेल तर गाव सोडायचे. बलायांनी नकार दिला. मग विहिरी बंद, गुरांची चराई बंद, सवर्णांच्या शेतातून जायची वाट बंद.

याला दंडसंहिताच म्हणायचे. गुन्हे लिहिलेले आहेत, शिक्षा लिहिलेली आहे, अंमल करणारे आहेत. फक्त गुन्हा म्हणजे चांगले धोतर. मनुस्मृतीत ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला शंभर पण दंड, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने शिवी दिली तर क्षत्रियासाठी पन्नास, वैश्यासाठी पंचवीस, शूद्रासाठी बारा. कृत्य एकच, गुन्हा माणसागणिक वेगळा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळले तेव्हा ही वही जाळली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत इंदूरची ती बातमी छापून आली.

१९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब तीन वर्ग एकत्र मांडतात : गुन्हेगार जमाती सुमारे दोन कोटी, आदिवासी दीड कोटी, अस्पृश्य पाच कोटी. आणि प्रश्न विचारतात की ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग निर्माण केले तिला संस्कृती म्हणायचे कसे. गुन्हेगार जमातींना गुन्हा हेच उपजीविकेचे साधन शिकवले गेले असे ते तिथे धरून चालतात. आज आपण कदाचित तेवढेही मान्य करणार नाही. पण दोष त्यांनी त्या माणसांच्या रक्ताला दिला नाही, संस्कृतीला दिला. सरकार तेव्हाही नोंदवह्या ठेवत होते.

अटलांटिकच्या पलीकडे हेच काम डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस करत होते. फिलाडेल्फियातल्या काळ्यांच्या वस्तीचा घरोघरी जाऊन केलेल्या अभ्यासाचे पुस्तक त्यांनी १८९९ साली काढले आणि दाखवले की तिथल्या गुन्ह्याच्या मागे गुलामगिरीचा वारसा आहे आणि कातडीचा रंग पाहून नोकरी नाकारणारे शहर आहे. १८६५ ला तिथे गुलामगिरी संपली, पण घटनादुरुस्तीत एक फट ठेवली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. लगेच दक्षिणेतल्या राज्यांनी कायदे केले. मिसिसिपीत काळ्या माणसाने नोकरीचा लेखी पुरावा बाळगायचा, नाही तर तो भटक्या म्हणून गुन्हेगार. पकडायचा, आणि कैदी म्हणून खाणमालकाला भाड्याने द्यायचा. पास, भटकेपणा, अटक, फुकट मजुरी. सोलापूर आठवले ना? १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिले आणि काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची प्रत मागितली. ही दोन माणसे एकमेकांना ओळखत होती ती उगाच नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग राहिला आहे. १९८२ साली ज्युडिथ आणि पीटर ब्लाउ यांनी अमेरिकेतल्या १२५ सर्वांत मोठ्या महानगरांचे आकडे तपासले. नुसती गरिबी हिंसेचे कारण म्हणून टिकत नाही, विषमता टिकते. आणि त्यातही जन्मावर, वर्णावर बेतलेली विषमता. केतलेचीच गोष्ट, पण एक पाऊल पुढे. मग जन्मावर आधारलेल्या विषमतेचा जगातला सर्वांत जुना आणि पक्का कारखाना तर आपल्याकडे आहे! या हिशेबाने प्रत्येक गावकुसाबाहेर हत्यारे निघायला हवी होती. निघाली का? दोन हजार वर्षे ज्यांना विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांनी किती विहिरी रक्ताने भरल्या?

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. याचे कारण बाबासाहेबांच्या 'श्रेणीबद्ध विषमते'त सापडते. मर्टनच्या समाजात स्वप्न सगळ्यांना वाटलेले असते आणि रस्ता अडवलेला असतो. जातीच्या समाजात स्वप्न पाहणे हाच गुन्हा होता. आणि प्रत्येक पायरीला खाली तुडवायला एक पायरी दिलेली होती, त्यामुळे राग वर जाण्याऐवजी खाली जात राहिला. म्हणून आपल्याकडे विषमतेतून निघालेला खरा गुन्हा शोधायचा असेल तर वस्तीत पोलीस पाठवून तो सापडणार नाही. तो वरून खाली येतो. त्याचे नाव अत्याचार.

२५ डिसेंबर १९६८, तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यातले कीळवेणमणी. मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची चव्वेचाळीस माणसे एका झोपडीत जाळली गेली, बहुतेक बायका आणि मुले. खालच्या न्यायालयात जमीनदारांना शिक्षा झाली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि निकालात म्हटले की मोठ्या जमिनींचे मालक, ज्यांच्यातल्या एकाकडे मोटार आहे, ते स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. गुन्हेशास्त्राचा हा कोणता सिद्धांत? मोटारवाला गुन्हेगार नसतो हा. एडविन सदरलँडने १९३९ पासून हेच ओरडून सांगितले की गुन्हा म्हणजे गरिबांची गोष्ट हा समज खोटा आहे, कारण श्रीमंतांचे गुन्हे आकडेवारीत येतच नाहीत. अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांनी केलेली कायद्याची उल्लंघने त्याने मोजली. १९४९ ला पुस्तक निघाले ते कंपन्यांची नावे गाळून. प्रकाशकाला भीती वाटली. नावांसह आवृत्ती यायला १९८३ उजाडले.

खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. त्या कुटुंबाकडे थोडी जमीन होती, मुलगी शिकत होती, अन्यायाविरुद्ध साक्ष द्यायची हिंमत होती. मर्टनला इथे उलटा करून वाचावा लागतो : ज्यांनी कायदेशीर रस्त्याने स्वप्न गाठायला सुरुवात केली ते मारले गेले, आणि मारणारे ते होते ज्यांना ते स्वप्न आपल्याच मालकीचे वाटत होते. आणि एवढे होऊनही न्यायालयाने या खटल्यात अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले.

अॅट्रॉसिटी कायदा 'कडक' आहे म्हणून ओरड होते. १९८९ च्या या कायद्याने केलेले काम वेगळेच आहे आणि त्याची दखल कमी घेतली जाते. त्याने गुन्ह्याची व्याख्या कोणाच्या हातात आहे ते बदलले. २०१५ च्या दुरुस्तीतली कलमे वाचा : सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यास, पायात वहाणा किंवा अंगात नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा गुन्हा. आता ही यादी इंदूरच्या १९२८ च्या यादीशेजारी ठेवा. तीच धोतरे, तीच पागोटी. गावाच्या वहीत जो गुन्हेगार होता तो इथे फिर्यादी झाला, आणि हुकूम काढणारा आरोपी झाला. या कायद्याचा एवढा राग का, हे यातून कळते.

पहिली वही मात्र पूर्ण बंद झालेली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणून भटके-विमुक्त हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीला लागतो, जमातीला नाही. त्याच साली भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचून पाहा : गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, वस्तू विकायला पुढे करणे, कशाच्याही निमित्ताने मागितले तरी ती भीक. उघड उपजीविका नसताना फिरणेही त्यात. गोंधळी, डोंबारी, नंदीबैलवाला, जोशी, डवरी गोसावी : यांची अख्खी कला त्या एका व्याख्येत अटकेस पात्र झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरता या कायद्याचा बराच भाग घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. अफवा व्हॉट्सअपची होती हे खरे. पण 'फिरणारा अनोळखी म्हणजे चोर' हा शिक्का व्हॉट्सअपने तयार केलेला नाही.

आणि तुरुंग. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, त्यातली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांतला साधारण पाचातला एक अनुसूचित जातीचा. २०११ च्या जनगणनेत आपले प्रमाण १६.६ टक्के होते. हे आकडे दाखवून कोणी म्हणेल, बघा, विषमतेतून गुन्हेगारी. मी म्हणेन, हे सिद्ध न झालेले गुन्हे आहेत. इथे मोजले गेले आहेत ते जामीनदार आणि वकील नसलेले लोक. ज्या वस्तीत पोलीस जास्त जातात तिथे नोंदी जास्त होतात, आणि नोंदी जास्त म्हणून पोलीस जास्त जातात. अभ्यासिकेतल्या त्या मुलाला मी त्या दिवशी एवढे जरी सांगितले असते तरी चालले असते.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीवरून कामे वाटायची तरतूद स्वतंत्र भारतात पंचाहत्तर वर्षे चालू होती. झाडू कोणी मारायचा, स्वयंपाक कोणी करायचा. न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला, आणि 'सराईत गुन्हेगार' या नावाखाली विमुक्त जमातींना लक्ष्य करता येणार नाही हे स्पष्ट केले. निकालात १८७१ च्या कायद्याचा इतिहासही तपासलेला आहे. निकाल लांब आहे, पण भाषा अवघड नाही.

त्या मुलाला फोन केला होता. पुढच्या रविवारी अभ्यासिकेत आम्ही १९५९ चे दोन्ही कायदे आणि हा निकाल समोर ठेवून बसणार आहोत. कलमवार वाचायचे. त्याच्या आजोबांना हजेरी होती, हे त्याने मला फोनवर सांगितले. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटली म्हणाला. आजोबांच्या वेळचे कागद घरात कुठे असतील तर घेऊन ये, असे मी त्याला सांगितले आहे.